प्रगती उत्तम

तिने टेबलावरचा टिश्यू पेपरचा डबा उचलला, खिडकीत नेऊन ठेवला आणि परत येऊन खुर्चीत बसली.

"मला रडायचं नाहीये," ती म्हणाली. "ते समोर असलं की माणसाला उगाच वाटतं, आता रडायला पाहिजे."

समुपदेशिकेने नुसती मान हलवली. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत ती सतरा वर्षं बसत होती. कर्मचाऱ्यांपैकी कुणाला झोप लागत नसेल, कुणाचं कामावर लक्ष लागत नसेल, कुणी ड्यूटीवर असताना एकाएकी रडू लागलं असेल, तर त्याला इथे पाठवलं जाई. कुणी तो डबा जवळ ओढून घेई, कुणी मांडीवर घेऊन बसे. खिडकीत नेऊन ठेवणारी ही पहिलीच.

समोरच्या बाईला सगळं हॉस्पिटल तिच्यामागे 'तोफ' म्हणायचं. तिच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं आणि तिची त्याला हरकतही दिसत नव्हती. तळमजल्यावर निर्जंतुकीकरण विभाग होता. ऑपरेशनची हत्यारं आणि कापडं तिथे धुऊन, गुंडाळून, वाफेच्या यंत्रात घालून शुद्ध केली जात. तिथे तिची सव्वीस वर्षं गेली होती. हात कोपरापर्यंत लालसर, बोटांची टोकं कायमची सुरकुतलेली.

"तुम्हाला पाठवताना अधीक्षकांनी पत्र दिलंय. वाचू का?"

"वाचा की. माझंच कौतुक असणार."

"'वरिष्ठांशी उद्धट वर्तन. भावनांवर ताबा नाही. बैठक चालू असताना अधीक्षकांच्या टेबलावर सामान फेकले. रागावर नियंत्रणासाठी सहा सत्रे घ्यावीत व अहवाल पाठवावा.'"

"फेकलं नाही, ठेवलं," तोफ म्हणाली. "फेकलं असतं तर त्यांना नीट कळलं असतं."

समुपदेशिकेला हसू येत होतं, ते तिने वहीत बघून लपवलं. "काय ठेवलंत?"

"गाठोडं. ओलं." मग समोरच्या बाईला त्यातलं काही कळणार नाही हे लक्षात घेऊन ती पुढे सरकली. "हे बघा. हत्यारं कापडात गुंडाळून आम्ही यंत्रात घालतो. वाफेनं आतलं सगळं मरतं. बाहेर काढलं की गाठोडं कोरडं ठणठणीत लागलं पाहिजे. ओलं निघालं तर समजायचं, काम झालेलं नाही. आत जंतू तसेच राहिलेत, आणि ओल्या कापडातून बाहेरचेही शिरणार. आमच्या मोठ्या यंत्राच्या दाराची रबरी पट्टी गेलीय. वाफ बाहेर जाते. तापमानाचा काटा एकशे एकवीसवर पाहिजे, तो एकशे पंधरावर जाऊन बसतो. तीन वर्षं झाली, कधी धड चालतं, कधी नाही. गेले आठ महिने तर रोज रडगाणं."

"वर कळवलंत?"

"अकरा पत्रं दिली. पहिल्या चारांना 'बघतो' म्हणाले. पुढच्यांना तेवढंही नाही." तिचा आवाज चढला नव्हता. उलट खाली उतरला होता, आणि तो तसा जास्त जड वाटत होता. "त्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर खाली आल्या. म्हणाल्या, तीन बाळंतिणींचे टाके पिकलेत. एकीला परत टेबलावर घ्यावं लागलं. आणि त्याच दिवशी सर बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन बसलेले, सांगत होते, आमच्याकडे संसर्गाचं प्रमाण जवळजवळ शून्य. मी जाऊन त्यांच्यापुढे गाठोडं ठेवलं. पाणी निथळून कागदांवर गेलं. बास, एवढाच माझा गुन्हा."

समुपदेशिकेने वहीत चार ओळी लिहिल्या. मग, अशा माणसांसोबत नेहमी करायची तसं, तिने कोरा कागद पुढ्यात ओढला आणि पेन्सिलीने एक मोठा गोल काढला. त्याच्या आत लहान गोल काढायला सुरुवात केली.

तोफेने त्या कागदावर आपला लाल तळवा ठेवला.

"हे गोल मला माहीत आहेत. आतला गोल म्हणजे आपल्या हातात आहे ते. बाहेरचा म्हणजे हातात नाही ते. बाहेरचं सोडून द्यायचं आणि लांब श्वास घ्यायचा."

"तुम्हाला कुठून..."

"खाली आमच्या विभागातल्या धाकटीच्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवलेत. रोज बघते मी."

"इथे कोण येतं, ते मी कुणाशी बोलत नाही," समुपदेशिका सावधपणे म्हणाली.

"तुम्ही नका बोलू. तीच सांगत सुटते सगळ्यांना. तुमचं नाव निघालं की हात जोडायचे बाकी ठेवते." तोफेने तळवा उचलला नव्हता. "ती कशी होती, माहितीये तुम्हाला? माझ्याहून कडक. गाठोडं ओलं लागलं की पुन्हा लावायची, सर्जन वर हातमोजे घालून ताटकळले तरी. मग वरून दट्ट्या यायला लागला. हिची झोप गेली, छाती धडधडायला लागली. तुमच्याकडे आली. सहा वेळा आली आणि शांत झाली. आता काटा एकशे पंधरावर असतो, ती रजिस्टरमध्ये एकशे एकवीस लिहिते आणि सही करते. मी विचारलं, अगं हे काय करतेस? तर म्हणते, ताई, यंत्र आपल्या हातात नाही. सही आपल्या हातात आहे."



"असं मी शिकवलेलं नाही," समुपदेशिका म्हणाली. तिचा स्वर तिलाच तिखट वाटला.

"मग काय शिकवलंत?"

याला उत्तर होतं. तीस-चाळीस वेळा कार्यशाळांतून दिलेलं, व्यवस्थित, तीन भागांतलं उत्तर. ते ओठांवर येईना.

तोफ उठली. "मला तसंच शांत करायचं असेल तर आत्ताच सांगा. मी पाच सत्रं बुडवीन आणि वर जे काय करायचं ते करू दे त्यांना."

ती गेल्यावर समुपदेशिकेने आधी खिडकीतला डबा टेबलावर आणला. मग तिला कसला तरी संताप आला आणि तो तिने परत खिडकीत ठेवला. संताप धाकटीवर होता. आपण एक सांगितलं, तिने भलतंच ऐकलं. लोक सोयीचं तेवढंच उचलतात. असं मनाशी घोकत तिने लोखंडी कपाट उघडलं, तीन वर्षांपूर्वीचा कप्पा शोधला आणि धाकटीची फाइल काढली. आपण काय शिकवलं होतं ते पांढऱ्यावर काळं दाखवता येईल, अशी तिची खात्री होती.

पहिल्या सत्राची नोंद ठीक होती. झोप नाही, धडधड, भूक कमी. दुसऱ्या सत्राखाली तिच्याच गोल, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं:

'कामावरील नोंदी "खोट्या" असल्याचा विचार वारंवार येतो. त्यामुळे कुणाचा तरी जीव जाईल, अशी भीती. परिपूर्णतेचा हट्ट. अपराधी भावना प्रमाणाबाहेर.'

ती ते वाक्य वाचत राहिली. 'खोट्या' या शब्दाभोवती अवतरणचिन्हं होती. ती तिनेच घातली होती. धाकटीने नोंदी खोट्या आहेत असं सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत सांगितलं असणार, आणि हिने त्या शब्दाला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरून कागदावर ठेवलं होतं, जसं एखादं रोगट काहीतरी ठेवावं. कुठल्या नोंदी, कोण लिहायला लावतं, कुणाचा जीव, यातला एकही प्रश्न पुढच्या चार सत्रांत विचारलेला दिसत नव्हता. श्वासाचे व्यायाम होते. गोल होते. आणि शेवटच्या पानावर: 'त्रासदायक विचार सोडून देता येऊ लागला. झोप सुधारली. प्रगती उत्तम.'

सतरा वर्षांत ती तळमजल्यावर कधी गेली नव्हती. लोकांनी वर यायचं, असाच रिवाज होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जिना उतरून गेली.

दार ढकलताच गरम, ओलसर हवा अंगावर आली. उकळलेल्या कापडाचा वास. तोफ पलीकडे टेबलाशी कात्र्यांची मोजदाद करत होती. तिने पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. मोठ्या यंत्राजवळ उभी असलेली, साडीवर पांढरा कोट घातलेली बाई मात्र लगबगीने पुढे आली. चाळिशी उलटली होती तरी उशिरा कामाला लागली म्हणून तिचं नाव धाकटीच पडलं होतं.

"मॅडम, तुम्ही इथे? बसा ना. स्टूल पुसून देते." तिचा चेहरा खरोखर उजळला होता. "तब्येत किती छान आहे आता माझी. तुमच्यामुळे."

"तुमचं काम बघायला आले," समुपदेशिका म्हणाली. "चालू द्या."

यंत्राच्या दाराच्या खालच्या कडेने वाफेची बारीक रेघ निघत होती. तिथली फरशी ओली होती आणि त्या ओलीवर कुणीतरी पोतं टाकून ठेवलं होतं. समुपदेशिकेने काटा बघितला. तिला यातलं काही कळत नव्हतं, पण आकडे वाचता येत होते. एकशे पंधरा आणि त्याच्या किंचित पुढे. तो थरथरत होता, पण वर जात नव्हता. धाकटीने घड्याळात बघितलं, रजिस्टर ओढलं, रकान्यात एकशे एकवीस लिहिलं आणि खाली सही केली. सुबक, सावकाश सही. मग वर बघून हसली.

समुपदेशिका तिथून तडक वर आली आणि बेसिनवर बराच वेळ हात धुत राहिली.

संध्याकाळी जेवताना नवऱ्याने दोनदा मीठ मागितलं, तेव्हा तिला ऐकू आलं. तो शाळेतून निवृत्त झालेला गणिताचा मास्तर. बायकोच्या कामात नाक खुपसायचं नाही, हे त्याने लग्नानंतर वर्षभरातच ठरवलं होतं आणि शक्यतो पाळलं होतं.

"एखादं माणूस रागावून आलं," ती म्हणाली, "की मी आधी राग उतरवते. बरोबर ना? ताप उतरवावा तसा."

"मला काय विचारतेस? माझा तर तू तीस वर्षांत एकदाही उतरवला नाहीस." तिला हसू आलं नाही, तेव्हा त्याने घास खाली ठेवला. "ताप कशाने आलाय ते बघत असशील ना आधी?"

ती ताटाकडे बघत बसली. त्याने उठून स्वतःच मीठ घेतलं.

तिने तोफेला परत बोलावलं आणि जे लिहिलं होतं ते आधी तिलाच वाचायला दिलं. एका पानाचा अहवाल होता. 'या कर्मचाऱ्याला समुपदेशनाची गरज नाही. ज्या कारणाने त्या रागावल्या आहेत ते कारण खरे आहे. मी स्वतः जाऊन पाहिले. यंत्र तातडीने बंद करून तपासावे.' तोफेने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "शेवटच्या ओळीत 'तातडीने'खाली रेघ मारा."

अधीक्षकांनी तिला दुसऱ्याच दिवशी बोलावलं. त्यांच्या टेबलावर नवी काच होती आणि बोलण्यात नेहमीची साखर.

"मॅडम, पाच सत्रं बाकी आहेत अजून."

"गरज नाही, सर. लिहिलंय मी."

"तुम्ही बरंच काही लिहिलंय." त्यांनी कागद बोटाने बाजूला सारला. "माणसं नीट करणं तुमचं काम. यंत्रांसाठी आमच्याकडे माणूस आहे."

"तो शेवटचा कधी आला होता?"

"हे तुम्ही मला विचारताय?"

"हो."

ते मागे टेकले. तिच्याकडे काही क्षण काळजीने बघत राहिले. ती काळजी इतकी बेमालूम होती की खरीच असावी. "तुमच्यावर कामाचा ताण फार पडतोय. मी बघतोय गेले काही दिवस. चार दिवस सुट्टी घ्या. शांत व्हा. मग बोलू."

ते वाक्य तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्यातला शब्दन् शब्द, तो उतरता मवाळ स्वर, मध्ये सोडलेली जागा, सगळं तिने स्वतः या इमारतीतल्या कितीतरी माणसांसाठी वापरलं होतं. समोरच्या खुर्चीत बसून ते कसं ऐकू येतं, हे आज कळत होतं. कुणीतरी आपल्या तोंडावर हळूच, अगदी मायेने, उशी दाबावी तसं.

अधीक्षकांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

"मी रागावलेय, सर," ती म्हणाली. "आणि हा राग सुट्टीने जाणारा नाही. अहवालाची प्रत संसर्ग नियंत्रण समितीला दिलीये. आठ महिन्यांतली अकरा पत्रंही जोडलीत."

ग्लास तसाच राहिला.

समितीची माणसं तिसऱ्या दिवशी आली. त्यांनी गाठोड्यांच्या पोटात चाचणीसाठी जंतूंच्या कुप्या ठेवल्या, यंत्र चालवलं आणि कुप्या घेऊन ती गेली. दोन दिवसांनी निकाल आला. आतले जंतू जिवंत होते. यंत्राला सील लागलं, आठवडाभर ऑपरेशनं दुसरीकडे पाठवावी लागली. मग रबरी पट्टी बदलली, एक झडप बदलली, आणि काटा एकशे एकवीसवर जाऊन उभा राहिला. सगळं मिळून काम अडीच तासांचं निघालं. सूचनाफलकावर परिपत्रक लागलं: 'प्रशासनाच्या दक्षतेमुळे संभाव्य धोका वेळीच टळला.' तोफेला कामावर ठेवलं, पण वर्तनाबद्दल ताकीद तिच्या नोंदीत राहिली. समुपदेशिकेची खोली 'जागेच्या अडचणीमुळे' वाहनतळाशेजारी हलवली गेली. तिथे माणूस बोलू लागला की बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत असे.

एवढ्यावर भागलं असतं तर ती म्हणाली असती, ठीक आहे, लढाई जिंकली. पण सोमवारी सकाळी तोफ तिच्या नव्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही, बसली नाही.

"कळलं का तुम्हाला?"

"काय?"

तोफेने हातातला कागद पुढे केला. चौकशीच्या आदेशाची प्रत होती. 'तीन वर्षे रजिस्टरमध्ये खोट्या नोंदी करून रुग्णांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल...' खाली धाकटीचं नाव. निलंबित. चौकशी गुरुवारी, अध्यक्ष खुद्द अधीक्षक.

या वेळी 'खोट्या' या शब्दाभोवती कुठलीही चिन्हं नव्हती.

"सह्या तिच्या आहेत ना," तोफ म्हणाली. "लिहा म्हणून सांगणाऱ्यांनी तोंडी सांगितलं होतं. तोंडाला कुठे सही लागते? मी यंत्रासाठी भांडले, मॅडम. ह्या पोरीला सुळावर द्यायला नाही. आणि ती काय करतेय माहितीये? मी काल घरी गेले होते. भांडत नाही, रडत नाही. घरी बसून श्वास मोजतेय."

समुपदेशिकेने त्याच दुपारी फोन केला. घरी आलेलं चालेल का, असं विचारलं. आजवर ती कुणाच्या घरी गेली नव्हती. तो नियमच होता. "या की, मॅडम," धाकटी म्हणाली, जणू सणासुदीचं बोलावणं करत होती.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत सासू जमिनीवर बसून मटार सोलत होती. आतल्या दाराशी मुलगी पुस्तकं पसरून बसली होती. परीक्षा तोंडावर आली होती, असं धाकटीने सांगितलं. मग चहा आणला. कप देताना तिचा हात जराही हलत नव्हता.

"माझी काळजी करू नका, मॅडम. मी ठीक आहे. गुरुवारी जाईन, म्हणेन, चूक झाली. विषय संपला."

"कुणाची चूक?"

"माझीच. सही माझी आहे." ती हसली. "बाकीचं आपल्या हातात कुठे असतं?"

समुपदेशिकेने कप खाली ठेवला. पिशवीतून फाइल काढली. "ही तुमची फाइल. तुमच्याबद्दल मी काय लिहिलंय ते बघायचा तुम्हाला हक्क आहे. मी तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

"मला काय कळणार त्यातलं? तुम्हीच वाचा."

समुपदेशिकेने दुसऱ्या सत्राचं पान उघडलं आणि वाचलं. वाचताना आवाज आपोआप खाली गेला. शेवटची दोन वाक्यं तर जेमतेम पुटपुटली.

धाकटी वाकून पानाकडे बघत होती. तिने एका शब्दावर बोट ठेवलं. "ह्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना हे काय आहे?"

"अवतरणचिन्हं."

"म्हणजे?"

"म्हणजे..." समुपदेशिका म्हणाली. "म्हणजे, ही असं म्हणते. मला काही ते खरं वाटत नाही."

मटाराच्या शेंगा मोडण्याचा आवाज थांबला होता. धाकटीने बोट उचललं नव्हतं. चेहरा मघासारखाच गुळगुळीत होता, पण गळ्याशी एक शीर उडताना दिसू लागली.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. मला आठवतंय. सर म्हणतात, आकडा बरोबर लिहायचा, मशीनचं मशीन बघेल. हे मी शब्दन् शब्द सांगितलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात, हा विचार ढगासारखा जाऊ द्या."

"हो. म्हणाले."

"मी स्वतःला वेडी समजत होते." आवाज चढत होता. तिला त्याची सवय नसावी, मध्येच तो फाटत होता. "तीन वर्षं. काटा बघितला की पोटात गोळा यायचा, आणि मी म्हणायचे, हे बघ, आला परत तुझा आजार. घे श्वास. आणि सही करायचे. त्या तिघी बाळंतिणी. त्यातल्या एकीचं गाठोडं मी लावलं होतं. माझ्या हाताला ओलं लागलं होतं, मॅडम. हाताला कळलं होतं. आणि त्या दिवशी घरी येऊन मी झोपले. छान झोपले. तुम्ही झोपवलंत मला."

आतल्या दाराशी मुलगी पुस्तक मिटून उभी राहिली होती. सासू म्हणाली, "अगं, हळू बोल. शेजारी ऐकतील."

"नाही बोलणार हळू, आई. ऐकू देत."

समुपदेशिकेच्या जिभेवर सतरा वर्षांच्या सवयीने ते आलंच. जरा थांबा, खांदे सैल सोडा, लांब श्वास घ्या. ते तिने गिळलं. हात मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि ती ऐकत राहिली. धाकटी बोलत होती. अधीक्षकांबद्दल बोलली, सर्जनबद्दल बोलली, हसत हसत काढलेल्या दिवसांबद्दल बोलली, आणि वारंवार फिरून समोर बसलेल्या बाईवर येत होती, तिला नावं ठेवत होती, आणि त्यातलं एकही नाव चुकीचं नव्हतं. चहावर साय धरली. मध्येच एकदा समुपदेशिकेला वाटलं, हिच्याकडे निदान शांतता होती, तीसुद्धा आपण काढून घेतली. पण डोळे खाली घालायची सोय नव्हती. धाकटी तिच्याकडेच बघत होती.

शेवटी ती थांबली. दम लागला होता. पदराने तोंड पुसलं.

"गुरुवारी तुम्ही येणार?"

"तुम्ही म्हणालात तर येईन."

"आणि हे वाचणार? तिथे, सगळ्यांसमोर? सरांसमोर?"

समुपदेशिकेने हातातल्या पानाकडे बघितलं. ते तिथे वाचलं की पुढे काय होईल, हे तिला दिसत होतं. वाहनतळाशेजारची ती खोलीसुद्धा राहणार नव्हती. या गावात कुणी आपलं माणूस विश्वासाने तिच्याकडे पाठवेल की नाही, हेही सांगता येत नव्हतं. आणि पाठवावं का, हेही.

"वाचीन," ती म्हणाली.

धाकटी खाली बसली, अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"मग आता परत वाचा," ती म्हणाली. "मघाशी तुमचा आवाज येत नव्हता."